तेरखेड्यातला समुद्र

तेरखेड्यापासून समुद्र किती कोस, हे गावात कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण तिकडं जायची कुणाला गरजच पडली नव्हती. बाबामियाँ आतषबाजीवाल्याच्या मते तर ती गरज आता कायमची संपली होती. निजामाचं राज्य गेलं, मागोमाग हैदराबादही सुटलं आणि वर्षभरापूर्वी आपला मुलूख मुंबई राज्याला जोडला गेला. म्हणजे मुंबई आपली झाली. मुंबई आपली, तर तिचा समुद्रही आपलाच.

"आपल्या मालकीची चीज आपुन बघाया जायाची, का तिनं आपल्याकडं यायाचं?" असं तो चावडीवर बसून विचारायचा, आणि उत्तराची वाट न बघता विडी शिलगवायचा.

बाबामियाँचं बोलणं असंच असे. त्याचा बाण एकदा इतका उंच गेला होता म्हणे, की वरून येताना एक चांदणी घेऊन आला. ती सकाळी बलभीमच्या ज्वारीत सापडली आणि तेवढ्याच चार सऱ्यांना त्या साली कणसं दुप्पट लागली. कुणी हसलं की तो म्हणे, "बलभीमला विचारा." बलभीम विचारणाऱ्याला ना व्हय म्हणे ना न्हाय, कारण त्याची ज्वारी त्या साली खरंच बरी आली होती.

तर सांगायचं ते असं, की समुद्र आला. दिवाळी सरली होती. दिवाळी सरली की तेरखेड्याच्या आतषबाजीवाल्याला हात चोळत बसण्यापलीकडं काम नसतं, पौषातल्या जत्रेची तयारी सुरू होईपर्यंत. अशा रिकाम्या दिवसांत बाबामियाँचा भाचा जैनोद्दीन, जो बोटीवर खलाशी होता, कुर्डुवाडी-बार्शी करत मोटारीनं गावात उतरला. हातात दुधाची भलीमोठी किटली, तिच्या तोंडाला ओलं फडकं बांधलेलं. मोटारीतल्या लोकांना त्यानं वाटभर किटलीला पाय लावू दिला नव्हता.

अंगणात किटली उघडली. आत खारट वासाचं पाणी, आणि पाण्यात काळा चेंडू गरगरत होता. जरा निरखून पाहिलं तर तो चेंडू माशांचा होता. बोटाएवढे काळे मासे, अंगावर डोक्यापासून शेपटीपर्यंत दोन-दोन पांढरे पट्टे, तोंडाला मिशा. एकवीस जण एकमेकांना असे बिलगलेले, की एकवीस जीव मिळून एकच जनावर वाटावं.

"मामू, हात नको," जैनोद्दीन म्हणाला. "दिसायला लेकरं हायेत, पण पाठीवर एक आन् दोन्ही कुशींवर एकेक, असे तीन काटे. काट्यात जहर. आमच्या बोटीवरचा एक गडी रात्रभर बैलासारखा हंबरत व्हता. लागलाच काटा, तर सोसंल तेवढ्या गरम पाण्यात हात घालून बसायचं, बास."

"आन् असली बला तू घरात आणलीस?" बाबामियाँची बायको शरिफाबी म्हणाली.

"मामूनं समुंदर मागितला व्हता. आख्खा किटलीत बसंना."

तोवर अंगणात निम्मी गल्ली जमली होती. त्यात हणमंतप्पाही होता. हणमंतप्पा म्हणजे गावातला दुसरा आतषबाजीवाला, बाबामियाँच्याच वयाचा. लहानपणी दोघांनी एकाच खोपटात कोळसा कुटला होता आणि मोठेपणी एकाच गोष्टीवरून भांडण धरलं होतं. जत्रेच्या दिवशी दिवेलागणीला पहिला बाण सुटे. त्याला वात लावायचा मान बाबामियाँच्या घराकडे आजापासून होता. हणमंतप्पाचं म्हणणं, मान घराण्याचा नव्हे, बाणाचा असावा. आणि बाण त्याचा सरस होता. तो खरंच सरस होता की काय, ही शंका बाबामियाँनं आजवर शरिफाबीलासुद्धा बोलून दाखवली नव्हती.

हणमंतप्पानं किटलीत डोकावून पाहिलं. "बाबामियाँ, मासं झ्याक हायेत. चार दिसांत लोणचं व्हतंय बघ."

"चार दिस? जत्रेला येऊन बघ. ह्यास्नी मी मोठं करतो."

"बालाघाटाच्या डोंगरात? समुद्रातलं मासं?"

"समुद्र म्हंजी काय रं अप्पा? पाणी आन् मीठ. दोन्ही माझ्या घरात हायेत."

गर्दीत महारुद्र पाटील उभे होते. त्यांना दिवाळीनंतर तसंही काही काम नसे. ते म्हणाले, "नुसतं बोलून काय उपेग? लावा पैज."

हणमंतप्पा याचीच वाट बघत असावा. "लावली. जत्रेच्या दिवशी निम्म्याच्या वर जिते दाखव. एकवीस हायेत, म्हंजी अकरा. अकराला एक जरी कमी निघाला, तर पहिली वात माझी."

"आन् अकरा निघाले तर?"

"तर मरस्तोवर त्या वातीचं नाव काढणार न्हाय."

शरिफाबीनं पदराआडून नवऱ्याला कोपर मारलं. ते लागायच्या आधीच बाबामियाँ "मंजूर" म्हणून बसला होता.

दोन दिवसांनी जैनोद्दीन बोटीवर परत गेला आणि बाबामियाँ कामाला लागला. लोक त्याला बोलघेवडा म्हणत, पण तराजू हातात आला की तो वेगळाच माणूस होई. सोरा, गंधक, कोळसा; गुंजेची चूक झाली तर बोट जातं, हे शिकलेला हात तो. त्यानं किटलीतलं शेरभर पाणी चुलीवर आटवलं. तळाशी जे पांढरं राहिलं ते खरवडून तोललं. पावणेतीन तोळे भरलं. लगेच त्यानं विहिरीचं पाणी गाळून घेतलं आणि शेराला पावणेतीन तोळे खडेमीठ या हिशेबानं हंडे भरून ठेवले. किटलीतल्या पाण्यात ते रोज तांब्या-तांब्यानं मिसळायचं, म्हणजे माशांना बदल कळूच नये.

"तेरखेड्यात समुद्र तयार झाला," त्यानं चावडीवर जाहीर केलं. "आता भरती-ओहोटी तेवढी राहिली. ती पुनवेला बघू."

इथवर सगळं ठीक होतं. पण पुढं त्यानं जे केलं, ते फक्त आतषबाजीवालाच करू जाणे.

आतषबाजीच्या धंद्यात एक नियम असतो, तो पोराला बाराखडीच्या आधी शिकवतात: धोक्याचा माल एका जागी साठवायचा नाही. एका खोपटात एका दिवसापुरतीच दारू. दोन खोपटांत अंतर. दोन माणसं शेजारी बसली तर मधे ओलं पोतं. म्हणजे एक भडकलं तरी बाकीचं वाचतं. याच नियमावर बाबामियाँच्या घरातले तीन पुरुष सगळ्या बोटांनिशी म्हातारे झाले होते. आणि या माशांत जहर होतं. म्हणजे हाही धोक्याचाच माल.

त्यानं गावभर फिरून लोणच्याच्या रिकाम्या काचेच्या बरण्या जमवल्या, राखेनं घासल्या आणि एका बरणीत एक मासा असे एकवीस मासे वेगळे केले. चुलीच्या भिंतीमागच्या खोलीत ऊब असे. तिथं फळीवर हात-हात अंतरानं त्या मांडल्या. दोन बरण्यांच्या मधे ओलं पोतं लावलं.

"एक पिसाळला तर बाकीच्यांना काटा मारायला नको," त्यानं शरिफाबीला समजावलं.

"मासे हायेत का कैदी?" ती म्हणाली.

"तू सैपाक बघ."

पहिल्या दिवशी मासे जेवले नाहीत. त्यानं आठवडी बाजारातून सुकट आणली, ती कुटून घातली. गांडूळ चिरून घातलं. दुसऱ्या दिवशीही जेवले नाहीत. प्रत्येक मासा आपापल्या बरणीच्या तळाशी कोपरा शोधत होता, आणि गोल बरणीला कोपरा नसतो. काळा रंग राखेसारखा होत चालला. चौथ्या दिवशी दोघे उताणे झाले. पाचव्या दिवशी तिघे. बाबामियाँनं पाणी चाखलं, मीठ पुन्हा तोललं. काटा बरोबर पावणेतीनवर. मेलेले मासे तो परसात लिंबाखाली पुरून येई, आणि चावडीवर जाऊन म्हणे, "लई माजलेत. बरण्या पुरंनात."

आठव्या दिवशी सकाळपर्यंत अकरा मासे लिंबाखाली गेले होते. उरले दहा.

त्या सकाळी शरिफाबी पोती धुवायला घेऊन गेली, आणि खोलीत झाडू मारायला दोन बरण्या तिनं एकीला एक चिकटवून ठेवल्या. झाडून वळली तर दोन्ही बरण्यांतले मासे तळ सोडून वर आले होते. काचेला काच लागली होती, तिथंच दोघं मिशीला मिशी लावून उभे. एक वर सरकला की दुसरा वर. एक खाली, की दुसरा खाली.

"अजी, हिकडं या. तोंड बंद ठेवून या."

बाबामियाँ आला. बराच वेळ बघत राहिला. त्यानं तिसरी बरणी आणून टेकवली. तिसराही काचेला येऊन भिडला.

"दारू एकत्र आली की भडकते," तो हळूच म्हणाला. "आन् हे एकत्र आले की निवतात. शरिफा, मी ह्यास्नी दारूच्या हिशेबानं ठेवलं गं."

"मला न्हाय, त्यास्नी सांगा," तिनं लिंबाकडं बोट दाखवलं.

दुपारपर्यंत त्यानं पेटी बांधली. जुन्या कचेरीच्या मोडीत निघालेल्या कपाटाची तावदानं त्याच्याकडं पडून होती. चारी कडा राळ आणि मेण वितळवून सांधल्या. पेटी चुलीच्या भिंतीला टेकवून ठेवली. हवेसाठी लॉरीची जुनी ट्यूब पंपानं टम्म फुगवली, तिच्या तोंडाला नळी जोडली, नळीत कापसाचा बोळा कोंबला. पेटीत हंड्यातलं खारं पाणी भरून नळी आत सोडली, तसे बुडबुडे येऊ लागले. मग एकेक बरणी तिच्यात उपडी केली. एक, दोन, तीन... दहा. दहावा मासा पाण्यात पडला न पडला, तोच पेटीत पुन्हा काळा चेंडू तयार झाला आणि तळावरून गडगडत निघाला. पुढचे तळ चाचपत, मागचे त्यांच्या डोक्यावरून पुढं येत, पुन्हा तळाला जात. जसं एखादं चाक स्वतःलाच रस्ता अंथरत चाललंय. सुकट टाकली. ती खाली पोचलीच नाही.

तिथून पुढं एकही मासा मेला नाही. काळे तुळतुळीत झाले, महिनाभरात बोटाचे दीड बोट झाले. बाबामियाँ सकाळ-संध्याकाळ ट्यूब फुगवी, पाणी बदली, आणि तासन्‌तास पेटीपुढं बसे. पण दहाचे काही केल्या अकरा होत नव्हते.

"काय करणार?" शरिफाबीनं जत्रेच्या आदल्या दिवशी विचारलं.

"तू मोज बरं."

तिनं मोजले. बारा झाले. पुन्हा मोजले, नऊ झाले. चेंडू थांबेल तर ना! बाबामियाँ मिशीत हसला. "मी सोडले म्हणून मला दहा ठावं हायेत. बाकी कुणाच्या बापाला मोजता येणार न्हाय."

"आन् हणमंतप्पानं एकेक काढून मोजले तर?"

बाबामियाँ म्हणाला, "देखेंगे." पण त्या दिवशी त्यानं विडी उलट्या टोकानं शिलगवली.

जत्रेच्या दिवशी दुपार कलता अंगणात माणूस मावेना. पेटी चौघांनी उचलून उन्हात आणून ठेवली होती. बायका लेकरांना कडेवर उंच धरून मासे दाखवत होत्या. पाटलांनी धोतर सावरलं, पेटीपुढं उकिडवे बसले आणि बोट नाचवत मोजू लागले. "धा, अकरा, बारा... थांब की लेका... तेरा." परत मोजले. "नऊ? छ्या!" तिसऱ्यांदा अकरा आले, तसे ते घाईनं उठले. "अकरा! झालं. मान बाबामियाँचा."

"थांबा पाटील," हणमंतप्पा पुढं झाला. "तीन डाव तीन आकडे. हे मोजणं म्हणायचं का गुलाल उधळणं? मी एकेक बाहीर काढतो. बादली आणा, आन् वरणाचं ओगराळं आणा."

लोक म्हणाले, बरोबर आहे. पाटीलही म्हणाले, बरोबर आहे.  पण पैजेचा विचार यायच्याही आधी बाबामियाँच्या तोंडून जे बाहेर पडलं ते हेच:

"अप्पा, हात घालू नको. ह्यांच्यापेक्षा इच्चू परवडला."

"आला का घाबरून?"

"मानासाठी म्हणत न्हाय. काट्यात जहर हाय, तुझ्या गळ्याची आण."

"माझ्या गळ्याची कशाला, तुझ्या गळ्याची घे! ह्या हातानं जळता गंधक विझवलाय." हणमंतप्पानं बाही वर सारली.

"तिसऱ्यांदा सांगतोय अप्पा. न्हाय मोजलेस तरी चालंल, हवं तर..."

हवं तर काय, ते तो बोलला नाही. कारण ते वाक्य पुरं झालं असतं तर त्यात मान जात होता. आणि तोवर हणमंतप्पाचा हात कोपरापर्यंत पाण्यात गेलाही होता.

डाव्या हातातलं ओगराळं आत येताना बघून चेंडू फुटला. मासे सैरावैरा पळाले, आणि लपायला पेटीत दुसरं काहीच नसल्यानं हणमंतप्पाच्याच हाताभोवती गोळा झाले. मनगटाला वेढून क्षणभर स्थिर उभे राहिले. कधी नव्हे ते एकाही माशाच्या आड दुसरा नव्हता. हणमंतप्पाचे ओठ हलताना बाबामियाँनं पाहिले. मग हणमंतप्पानं मूठ मिटायला घेतली.

त्याची आरोळी येडशीच्या घाटात ऐकू गेली म्हणतात. लिंबावरचे कावळे उडाले. ओगराळं अंगणात, हणमंतप्पा जमिनीवर. तळव्यात टाचणीएवढं भोक आणि चेहरा चुन्यासारखा. कुणी म्हणालं मांत्रिक आणा, कुणी म्हणालं बैलगाडी जुंपा. बाबामियाँनं एकालाही जुमानलं नाही. "शरिफा, आधण!"

पाहुण्यांच्या चहासाठी चुलीवर पातेलं उकळतच होतं. तिनं ते परातीत ओतलं, गार पाणी मिसळलं, कोपर घालून बघितलं. बाबामियाँनं हणमंतप्पाला ओसरीवर ओढला आणि त्याचा हात परातीत दाबून धरला.

"मारतोस का काय रं!"

"सोस. निवलं की अजून ओततो. घंटाभर काढायचा न्हाय."

गर्दी पुढं रेटू लागली, तशी पाटलांनी काठी आडवी धरली. ओसरीवर दोघंच राहिले. शरिफाबी दर थोड्या वेळानं तांब्यानं गरम पाणी घालून जाई. हळूहळू हणमंतप्पाचे दात वाजायचे थांबले. घामानं ओल्या झालेल्या झुपकेदार मिशा त्यानं दुसऱ्या हातानं पुसल्या.

"कमी आलं?" बाबामियाँनं विचारलं.

"आलं." मग खालच्या आवाजात, "बाबामियाँ, मी मोजले."

"बघितलं मी. किती?"

"धा."

बाबामियाँनं मान हलवली. "धाच हायेत. पैल्या आठ दिसांत माझ्याच अकलेनं अकरा मारले. सांग पाटलाला. वात तुझी."

हे बोलून तो उठायला लागला. आजापासूनचा मान सोडून द्यायला माणसाला जितका वेळ लागावा, तितका त्यानं घेतला नाही; म्हणूनच हणमंतप्पाला तो खरा वाटला. पण बाबामियाँ बाबामियाँच होता. उंबऱ्यापाशी पोचला आणि राहवलं नाही, मागं वळला.

"बाकी मोजताना तुझा एक राहिला अप्पा."

"कुठला?"

"मिशा हायेत. अंगात काटा हाय. आन् आता घंटाभर पाण्यातच हाय. त्याला मासा न्हाय म्हणावं, तर कोणत्या तोंडानं?"

हणमंतप्पानं आधी परातीतल्या आपल्या हाताकडं पाहिलं. मग त्याचं पोट हलायला लागलं. हसलं की हात ठणके, ठणकला की शिवी येई, आणि शिवी देताना पुन्हा हसू येई. बाहेर लोकांना वाटलं, जहर मेंदूत चढलं.

"अप्पा, शुद्धीवर हाईस का?" पाटलांनी काठीआडून विचारलं. "हात घातलास तवा मोजलेस काय? किती हायेत ते सांग, दिवेलागण व्हत आली."

 हणमंतप्पानं गळा साफ केला.

"अकरा!" तो ओरडला. "बरोबर अकरा. त्यातला एक लई माजलेला हाय!"

दिवेलागणीला बाबामियाँनं पहिल्या बाणाला वात लावली. बाण सुरसुरत गेला आणि देवळाच्या शिखरावर फुटून लाल झाला. ओसरीवरून, हात परातीत तसाच ठेवून, हणमंतप्पा बघत होता.

"कोळसा भरड ऱ्हायलाय!" त्यानं तिथूनच आवाज दिला.

"गप बस की मेल्या!" बाबामियाँनं मैदानातून उत्तर दिलं.

मग हणमंतप्पाच्या बाणांची पाळी आली. त्याचा उजवा हात अजून भाकरीसारखा सुजलेला, आणि आपला माल तो जन्मात कुणाच्या हाती देत नसे. त्यानं चार जणांची नावं ऐकली आणि चारही वेळा मान हलवली.

"बाबामियाँलाच लावू द्या," तो म्हणाला. "पण त्याला म्हणावं, वात पिरगाळून नको, सरळ धर. आन् मागं सर, लई उंच जातोय तो."

बाबामियाँनं वात सरळ धरली, आणि मागं सरला. बाण गेला तो गेलाच. माना मोडेपर्यंत लोक वर बघत राहिले. किती उंच गेला, हे बाबामियाँला दुसऱ्या दिवशी चावडीवर विचारलं, तेव्हा तो जन्मात पहिल्यांदा, एक अक्षरही न वाढवता, म्हणाला, "माझ्यापेक्षा उंच."